तोच मालक, की दुसरा? कंपन्यांचं विलीनीकरण, शेअर हस्तांतर आणि मुद्रांकमाफीचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहीजणांनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाचा माणूस मुद्रांक शुल्कावर काय बोलणार? पण मुद्रांक शुल्काच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. एखादी वस्तू ‘दुसऱ्याची’ झाली असं केव्हा म्हणायचं? आणि ‘दुसरा’ म्हणजे नक्की कोण? या प्रश्नाच्या उत्तरावर कोट्यवधी रुपये अवलंबून असतात. तुम्ही अर्धा एकर जमीन घेतली तर तुम्हाला शुल्क भरावं लागतं. हजार एकर असलेली कंपनी दुसऱ्या कंपनीत विरघळली तर? कधी भरावं लागलं, कधी नाही. हे कसं ठरत गेलं, तो आजचा इतिहास.

सुरुवात आपल्या मावळातूनच करू. या लोहगडवाडीतून डोंगर उतरून मळवलीला गेलं आणि रेल्वेचे रूळ ओलांडले, की पलीकडे कार्ल्याची लेणी. चैत्यगृहाचे खांब आपण सगळ्यांनी पाहिलेत, पण तिथले शिलालेख फार थोडे लोक वाचतात. एका लेखात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात करजिक नावाचं गाव वालुरक लेण्यांतल्या भिक्षूंना देतो. पुढे सत्ता बदलते, सातवाहन येतात. मग दुसरा एक लेख येतो. त्यात राजा मामाळच्या अमात्याला आज्ञा देतो, की हे गाव भिक्षूंना दिलेलं आहे आणि त्याला भिक्षूंच्या जमिनीला असतात तेवढ्या सगळ्या सवलती आहेत. ही आज्ञा गौतमीपुत्राची मानली जाते. सवलती कोणत्या? राजाच्या माणसांनी तिथे शिरायचं नाही, काही घ्यायचं नाही, मिठासाठी जमीन खणायची नाही. या सवलतींना शब्द होता ‘परिहार’. आणि मामाळ म्हणजेच आपलं मावळ, बरं का.

म्हणजे करमाफीचा लेखी दस्त मावळात जवळपास एकोणीसशे वर्षांपासून आहे. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिली म्हणजे, माफी कोणा एका माणसाला दिलेली नाही, ती संघाला आहे. भिक्षू येतात, जातात, मरतात, संघ राहतो. आजच्या कायद्याच्या भाषेत बोलायचं तर ही सतत टिकणारी संस्था, म्हणजे कंपनीची लांबची चुलत पणजीच. दुसरी गोष्ट, राज्यकर्ता बदलल्यावर माफी आपोआप चालू राहिली नाही, नव्या राजाला ती नव्याने लिहून द्यावी लागली. माफी हा हक्क नाही, ते दान आहे. ते देणाऱ्याला कारण सांगावं लागतं.

मराठेशाहीत मुद्रांक नव्हता, पण त्याचं काम करणारी वसुली होती. वतन पुढच्या पिढीकडे गेलं, कुणी विकत घेतलं, की सरकारात ‘नजर’ भरायची. तंट्यात जिंकणाऱ्याने ‘हरकी’ द्यायची, हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. सरकारने तुमच्या हक्कावर शिक्का उठवला, त्याची किंमत तुम्ही द्या, असा हा साधा व्यवहार.

युरोपात हीच कल्पना १६२४ साली हॉलंडमध्ये कागदावर आली. युद्धाला पैसा हवा होता, म्हणून सरकारने सांगितलं की महत्त्वाचा दस्त हा सरकारी छाप असलेल्या कागदावरच करायचा. इंग्लंडने १६९४ मध्ये ती उचलली, तेही फ्रान्सबरोबरच्या युद्धासाठी. १७६५ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींवर लादली, त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे कंपनी सरकारने १७९७ मध्ये बंगालमध्ये सुरुवात केली. १८६० पासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायदे होत गेले आणि अखेर १८९९ चा भारतीय मुद्रांक कायदा आला. महाराष्ट्रात १९५८ पासून आपला स्वतंत्र मुंबई मुद्रांक कायदा आहे, आता तो महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम म्हणून ओळखला जातो.

या कायद्याचा पाया नीट समजून घेऊ. मुद्रांक शुल्क व्यवहारावर नसतं, दस्तावर असतं. तोंडी काय ठरलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कागद आहे का, त्यावर काय लिहिलंय, एवढंच तो पाहतो. मग साहजिकच वकिलांची बुद्धी कुठे चालते? असं करा की मालमत्ता तर हलली पाहिजे, पण कागद ‘खरेदीखत’ दिसता कामा नये. गेल्या शंभर वर्षांतला हा सगळा इतिहास म्हणजे हीच लपाछपी.

आता कंपनीकडे येऊ. लंडनमध्ये सॉलोमन नावाचा एक जोडे बनवणारा होता. त्याने आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. जवळजवळ सगळे शेअर त्याचेच. कंपनी बुडाली तेव्हा धनको म्हणाले, कंपनी कसली, हा सॉलोमनच आहे, पैसे याच्याकडून घ्या. १८९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं, नाही. सॉलोमन वेगळा, कंपनी वेगळी. दोन व्यक्ती. कंपनीचं कर्ज ते सॉलोमनचं कर्ज नव्हे.

हेच तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मुंबईच्या बाचा गझदर यांच्या खटल्यात उलट्या बाजूने लावलं. त्यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा धरला जाई आणि त्यावर प्राप्तिकर नसे. त्या म्हणाल्या, मग माझा लाभांशही तेवढ्या प्रमाणात शेतीचंच उत्पन्न नाही का? न्यायालय म्हणालं, नाही. मळा कंपनीचा आहे, तुमचा नाही. तुमच्याकडे फक्त शेअर आहे. भागधारक हा कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो.

हे दोन निकाल शेजारी ठेवा. कर्ज मागायला गेलं तर ‘दोघं वेगळे’. सवलत मागायला गेलं तरी ‘दोघं वेगळे’. निदान सुसंगत तरी आहे. पण मुद्रांकाच्या क्षेत्रात ही सुसंगती मोडली. कशी, ते बघा.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधले कारखाने मोडकळीला आले होते. छोट्या छोट्या कंपन्या एकत्र केल्याशिवाय धंदा तरणार नाही असं मत झालं. पण एकत्र यायचं म्हणजे जमिनी, यंत्रं, शेअर एकीकडून दुसरीकडे न्यायचे आणि प्रत्येक दस्तावर शुल्क. म्हणून १९२७ च्या वित्त कायद्यात पुनर्रचना आणि एकत्रीकरणासाठी सवलत आली. १९३० मध्ये दुसरी सवलत आली. एका कंपनीचे ९० टक्के शेअर दुसरीकडे असतील, किंवा दोघींचे ९० टक्के शेअर एकाच आईकडे असतील, तर त्यांच्यातल्या हस्तांतरावर शुल्क नाही. कारण काय दिलं? की वस्तू घरातल्या घरातच हलली. एका खिशातून दुसऱ्या खिशात.

हीच ९० टक्क्यांची अट १६ जानेवारी १९३७ च्या अधिसूचनेने हिंदुस्थानात आली. एक प्रांतिक व्यवस्था जाऊन दुसरी येण्याच्या उंबरठ्यावर काढलेला हा एक लहानसा सरकारी कागद. तो इतका चिवट निघाला, की २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ‘दिल्ली टॉवर्स’च्या प्रकरणात विलीनीकरणाच्या आदेशाला दस्त मानलं खरं, पण त्याच श्वासात सांगितलं की १९३७ ची माफी दिल्लीत अजून लागू आहे.

इथे एक गोष्ट नोंदवतो. ब्रिटनमध्ये लोकांनी या सवलतीचा फायदा घेऊन बाहेरच्यालाच मालमत्ता विकायला सुरुवात केली. आधी घरातल्या कंपनीकडे फुकट न्यायची, पैसे मात्र बाहेरचा मोजणार. म्हणून १९३८ मध्ये तिथल्या संसदेने अटी कडक केल्या. आपली अधिसूचना १९३७ ची. म्हणजे भोक बुजवण्याच्या एक वर्ष आधीचं मडकं आपण आणलं.

महाराष्ट्राची वाट वेगळी झाली. इथे प्रश्न असा होता, की दोन कंपन्या विलीन होतात तेव्हा खरेदीखत नसतंच. तेव्हा उच्च न्यायालय १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ३९४ खाली आदेश देत असे आणि त्या आदेशाने सगळी मालमत्ता नव्या कंपनीकडे जात असे. कंपन्या म्हणत, हा दस्त नव्हे, न्यायालयाचा हुकूम आहे. कायद्यानेच मालमत्ता हलली, आम्ही कुठे हलवली? राज्याने १९८५ मध्ये ‘अभिहस्तांतरणपत्र’ या शब्दाच्या व्याख्येत असा आदेश घातला. १९९३ मध्ये त्यासाठी दराची वेगळी तरतूद आली.

हा वाद ज्या मोठ्या प्रकरणात गाजला ते प्रकरण तुमच्या न्हाणीघरातलं आहे. टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को. हमाम साबण यांचा. १९९४ मध्ये ही कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. शुल्काची मागणी झाल्यावर कंपनी न्यायालयात गेली. त्याआधी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ली टाका फार्मास्युटिकल्सच्या प्रकरणात राज्याची बाजू उचलून धरलीच होती. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्तान लिव्हरच्या प्रकरणात शेवटचा शब्द दिला. त्यातलं तर्कशास्त्र मला आवडतं. न्यायालय म्हणालं, या आदेशाचा पाया काय? भागधारकांची संमती. त्यांनी ठरवलं, न्यायालयाने तपासून मोहोर उठवली. म्हणजे मुळात हा कराराच आहे. न्यायाधीशाची सही आहे म्हणून विक्रीची विक्री राहत नाही, असं होत नाही.

दर कसा आहे? बदल्यात जे शेअर दिले आणि जो मोबदला दिला, त्यांच्या बाजारमूल्याच्या १० टक्के. पण त्याला मर्यादा आहे. राज्यातल्या स्थावराच्या मूल्याच्या ५ टक्के, किंवा शेअर आणि मोबदल्याच्या ०.७ टक्के, यांतलं जे जास्त असेल त्याच्यावर जायचं नाही. आणि त्यावर २००२ मध्ये आणखी एक झाकण बसलं. कितीही मोठं विलीनीकरण असो, कमाल २५ कोटी रुपये. असं झाकण अजूनही या तरतुदीवर आहे.

आता जरा हिशेब करू. त्या २५ कोटींच्या झाकणाखाली ०.७ टक्के दराने साधारण ३,५७१ कोटींपर्यंतच शुल्क वाढत जाई. स्थावराच्या बाजूने बघितलं तर ५०० कोटींपर्यंत. त्यापुढच्या रुपयाला शुल्क शून्य. मावळातला शेतकरी जमीन विकतो, घेणारा त्यावर टक्केवारीने भरतो. गावच्या हद्दीत दर थोडा कमी असतो, पण झाकण नसतं. त्याला कुणी सांगत नाही, की बाबा, अमुक रकमेपुढे तुला माफ.

रिलायन्सचं प्रकरण याच झाकणाबद्दलचं. २००२ मध्ये रिलायन्स पेट्रोलियम ही कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. एकीचं कार्यालय मुंबईत, दुसरीचं गुजरातमध्ये, म्हणून दोन उच्च न्यायालयांचे दोन आदेश. कंपनीने गुजरातमध्ये १० कोटी भरले आणि मुंबईत म्हणाली, २५ कोटींतून ते वजा करा, योजना एकच आहे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने नाही म्हटलं. योजना एक असेल, आदेश दोन आहेत, आणि शुल्क दस्तावर असतं, योजनेवर नाही. बघा, जे तत्त्व कंपन्यांनी ढाल म्हणून वापरलं, तेच त्यांच्यावर तलवार म्हणून उलटलं.

पण हे सगळं मुंबईचं झालं. मावळाचं काय? आपल्या आजूबाजूचं पाणी बघा. लोणावळ्याचं वळवण धरण टाटा हायड्रो-इलेक्ट्रिकचं. कंपनीची स्थापना १९१० ची, १९११ मध्ये पायाभरणी, १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला गेली. ठोकळवाडीचं धरण आंध्रा व्हॅली कंपनीचं, ती १९१६ ची. मुळशी धरणासाठी टाटा पॉवर, १९१९ ची. तीन धरणपट्ट्या, तीन वेगळ्या कंपन्या. २००० साली पहिल्या दोन कंपन्या तिसरीत, टाटा पॉवरमध्ये, विलीन झाल्या. धरणाच्या भिंतीवरचा एक दगड हलला नाही. पाणी त्याच बोगद्यातून खाली गेलं. पण कागदोपत्री शेकडो एकरांचा मालक बदलला. बदलला की नाही बदलला? हाच तो प्रश्न.

आणि या जमिनी मुळात कंपन्यांकडे आल्या कशा? मुळशीचं उदाहरण घेऊ. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याच्या कलम ५१ मध्ये काय आहे, ठाऊक आहे? या कायद्याखालच्या निवाड्यावर किंवा करारावर मुद्रांक शुल्क नाही. म्हणजे शेतकऱ्याची जमीन त्याच्या मर्जीविरुद्ध गेली तेव्हाही माफी होतीच. तिचा उपयोग कुणाला झाला, ते तुम्हीच ठरवा. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मुळशीचे मावळे सत्याग्रहाला बसले, तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्या दृष्टीने ही जमीन एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीये, ती आमच्यापासून तुटते आहे. कायद्याच्या कागदाला हा फरक दिसत नाही. कागदाला फक्त नावं दिसतात.

आता शेअरकडे वळू. श्रोत्यांमधल्या ज्येष्ठांना आठवत असेल, शेअर विकायचा म्हणजे सेव्हन-बी चा फॉर्म, त्याच्या मागे शेअर ट्रान्सफरची तिकिटं चिकटवायची, सही जुळली नाही की कागद परत. या शुल्काचा दर ठरवण्याचा अधिकार घटनेने केंद्राकडे ठेवला आहे, पैसा मात्र राज्यांना मिळतो. कागदी हस्तांतरावर २००४ पासून शंभर रुपयांना २५ पैसे होते. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा आला आणि डिमॅट शेअरच्या हस्तांतरावरचं शुल्क माफ झालं. कारण रास्त होतं. कागद गेला, घोळ गेले, बाजार मोकळा झाला. १ जुलै २०२० पासून ही माफी संपली. आता डिलिव्हरीच्या खरेदीवर ०.०१५ टक्के आहे, म्हणजे एक लाखाला १५ रुपये. कुणाचंही कंबरडं मोडत नाही.

पण एक खेळ बघा. समजा लोणावळ्यात १० कोटींचा बंगला आहे. तो माणसाच्या नावावर असेल तर ५ टक्क्यांप्रमाणे ५० लाख शुल्क, वर अधिभार वेगळा. तोच बंगला एका कंपनीच्या नावावर आहे आणि कंपनीकडे दुसरं काहीच नाही. मग बंगला कशाला विकायचा? कंपनीचे शेअर विका. १० कोटींच्या शेअरवर आज १५,००० रुपये. २०२० च्या आधी डिमॅटमध्ये शून्य. बाचा गझदर यांचा निकाल आठवा. भागधारक हा मालमत्तेचा मालक नाही. म्हणून शेअर विकणं म्हणजे बंगला विकणं नव्हे.

बरं, मग फ्लॅटचं काय? सहकारी सोसायटीतला सभासद म्हणाला, मीही शेअरच विकतोय, सोसायटीचे पाच शेअर. हनुमान व्हिटॅमिन फूड्सच्या प्रकरणात न्यायालयांनी ते ऐकलं नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत हेच ठरलं, की त्या शेअरमागे जागा वापरण्याचा हक्क हलतो, म्हणून शुल्क जागेसारखं भरा. हा निकाल योग्यच आहे. पण मग सोसायटीच्या शेअरमागची जागा दिसते आणि बंगल्याच्या कंपनीच्या शेअरमागचा बंगला दिसत नाही, ही दृष्टी कसली?

घरातल्या माफीचंही तसंच. आपल्या कायद्यात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस दिली तर मूळ शुल्क फक्त २०० रुपये. चांगली तरतूद आहे. पण सख्ख्या भावाला दिली तर ३ टक्के. १९३७ च्या अधिसूचनेत मात्र एका आईच्या दोन बहिणी-कंपन्यांना पूर्ण माफी. म्हणजे रक्ताच्या भावंडांपेक्षा ९० टक्क्यांची भावंडं जवळची!

तुम्ही म्हणाल, मग कंपन्यांची माफी काढूनच टाकायची का? नाही. एखाद्या उद्योगसमूहाने आपलं घर नीट लावण्यासाठी दोन कंपन्यांची एक केली, बाहेरचं कुणी आलं नाही, बाहेर काही गेलं नाही, तर तिथे पुरतं शुल्क घेणं म्हणजे भांड्यांची मांडणी बदलल्याबद्दल दंड लावणं. अशाने बुडणारे कारखाने वेळेवर एकत्र येणार नाहीत आणि त्याची झळ कामगारांना बसेल. आपल्या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये सरकारला लोकहितासाठी शुल्क कमी करण्याचा, माफ करण्याचा अधिकार आहेच. माझा आग्रह माफीच्या पाठीमागच्या तर्काबद्दल आहे.

ती माफी कोणत्या वाक्यावर उभी आहे? ‘आम्ही दोन नाही, एकच आहोत.’ ठीक. पण मग हेच वाक्य धनको आल्यावर, कामगाराची थकबाकी आल्यावर, प्रदूषणाची भरपाई आल्यावर का बदलतं? तेव्हा आई-कंपनी म्हणते, ती मुलगी वेगळी, तिचं देणं तिचं. सॉलोमनचा बुरखा देणं आल्यावर खाली आणि शुल्क आल्यावर वर, असं चालणार नाही. ज्याला एकपणाची माफी हवी, त्याने एकपणाची जबाबदारी काही काळ तरी उचलावी. आणि माफी घेतल्यावर थोड्याच वर्षांत ती कंपनी बाहेरच्याला विकली, तर माफ केलेलं शुल्क परत घ्यावं. ब्रिटनने हा धडा गेल्या शतकातच शिकायला सुरुवात केली. आपणही शिकू शकतो.

जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच का, असा ग्रीकांचा प्रश्न मी वर्गात अनेक वर्षं शिकवला. मुद्रांक कार्यालयात तो प्रश्न रोज विचारला जातो, फक्त तिथे उत्तराला रक्कम जोडलेली असते. ‘तोच’ आणि ‘दुसरा’ हे शब्द निसर्गात सापडत नाहीत, ते आपण ठरवतो. आणि आपण ठरवतो म्हणूनच विचारता येतं, की कुणासाठी ठरवलं?

कार्ल्याच्या त्या आज्ञेत एक शहाणपण आहे. माफी कुणाला, कशासाठी, किती, हे सगळं दगडात कोरून येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर ठेवलं. ज्याच्या वाट्याचा कर माफ होतो त्याची भरपाई शेवटी इतरांनीच करायची असते, तेव्हा त्या इतरांना ते वाचता आलं पाहिजे. आजच्या माफ्या अधिसूचनांच्या पोटकलमांत असतात. त्या वाचायची सवय आपल्याला लागली पाहिजे. गावात जमिनीचा व्यवहार झाला की आपण सातबारा बघतो. घेणारी कंपनी असेल तर आता आणखी एक प्रश्न विचारा, की या कंपनीचे शेअर कुणाकडे आहेत, आणि उद्या ते कुणाकडे जातील? गावच्या जमिनीचा खरा फेरफार कदाचित तिथेच होत असेल, तलाठ्याच्या दप्तराबाहेर.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.